भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या नव्या डिझाइनप्रमुखांना, पुण्याहून

प्रति,
नवनियुक्त डिझाइनप्रमुख,

स. न. वि. वि.

तुमच्या नेमणुकीची बातमी आमच्या जर्मनच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तिच्याखाली लगेच दोन प्रतिक्रिया पडल्या. एकीनं लिहिलं, 'आता तरी अक्षरं जरा मोठी करतील का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'म्हणजे पुन्हा सगळं हलवणार. मागच्या वेळी माझे धडेच सापडेनात.' डिझाइनचा माणूस बदलला की वापरणाऱ्याला आशा आणि धास्ती एकदमच वाटते, हे तुम्हाला माहीत असेलच. मला जे म्हणायचं होतं ते ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी सदाशिव पेठेत जर्मन शिकवते. संध्याकाळच्या बॅचेस, ए-वन या अगदी पहिल्या पातळीपासून ए-टू आणि मग बी-वनपर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमचं किंवा तुमच्यासारखं एखादं ॲप असतंच. त्यामुळे बरीच वर्षं आपण दोघं एकाच वर्गाला शिकवतो आहोत, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्या कंपनीत पुण्याकडचा एखादा तरी इंजिनिअर असेल. त्याला चहा पाजा आणि त्याच्याकडून वाचून घ्या.

आधी एक स्पष्ट करते. ॲपच्या नावानं बोटं मोडणाऱ्या मास्तरांपैकी मी नाही. शब्द पाठ करून घेण्यात तुमचं यंत्र माझ्यापेक्षा कैक पटींनी चांगलं आहे. पाठ केलेलं माणूस किती वेगानं विसरतो याचा माग हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून काढला होता. विसरायच्या बेतात आलेला शब्द नेमका त्या वेळी पुन्हा समोर आणायचा, ही युक्ती तिथूनच पुढं आली. वर्गातल्या प्रत्येकाच्या विसरण्याचा असा हिशेब मला ठेवता येत नाही, तुम्हाला येतो. शिवाय बुजऱ्या मुलांना तुमच्यापुढं चुकायची भीती वाटत नाही. वर्गात तोंडातून चकार शब्द न काढणारी मुलगी घरी फोनपुढं खडाखडा बोलते, असं तिची आई मला सांगते. हे सगळं मान्य.

माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. तुमचं ॲप उघडलं की पहिला प्रश्न येतो: कोणती भाषा शिकायची आहे? दुसरा प्रश्न, कोणत्या भाषेतून शिकायची आहे, तो मराठी माणसाला विचारला जात नाही. इंग्रजी गृहीत धरलेली असते. 'इंग्रजी सगळ्यांना येतेच की' असं तुम्ही म्हणाल. येते. कामापुरती येते. पण कामापुरती येणारी भाषा वेगळी आणि ज्या भाषेच्या खांद्यावर उभं राहून दुसरी भाषा गाठायची ती वेगळी.

पुण्यात जर्मन कोण शिकतं हे तुम्हाला थोडं सांगायला हवं. या शहराला जर्मन नवी नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्स म्युलर भवनात शिकलेल्या पिढ्याच्या पिढ्या इथं आहेत. आठवीत गेलं की 'संस्कृत की जर्मन?' हा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर चर्चिला जातो, आणि निर्णय बहुधा कशात मार्क जास्त पडतात यावर होतो. पण माझ्या बॅचमधली मंडळी वेगळी असतात. चाकणला जर्मन गाड्यांच्या कारखान्यात काम करणारे तरुण असतात. नवरा म्युनिक किंवा स्टुटगार्टला नोकरीला असलेल्या, नुकतंच लग्न झालेल्या मुली असतात. नवऱ्याकडे जायचा व्हिसा हवा तर सहसा ए-वनचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आमच्याकडे लग्नसराई उलटली की ए-वनची बॅच भरते. आणि अलीकडे नर्स मुली येतात. जर्मनीत नर्स म्हणून उभं राहायचं तर साधारण बी-टूपर्यंत मजल मारावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १० हजार जणांना पाठवायचं ठरलं, आणि तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा लोकांनीही जर्मनची पुस्तकं हातात घेतली. यांतले बहुतेक मराठी शाळेत शिकलेले आहेत. त्यांना जर्मन हौसेसाठी नको आहे. परीक्षा, व्हिसा, पगार, अशी ती साखळी आहे आणि घरचे तिच्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

आता एक प्रसंग सांगते, म्हणजे मुद्दा कळेल.

माझ्या बॅचला इंदापूरकडची एक नर्स येत असे. ड्यूटी संपवून यायची, वर्ग सुरू व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं पहिल्या बाकावर बसून फोनवर धडा उरकायची. एकदा मी मागून बघत होते. पडद्यावर इंग्रजी वाक्य होतं, 'मी येत नाही, कारण मी दमले आहे' अशा अर्थाचं. खाली जर्मन शब्दांचे ठोकळे. तिनं ठोकळे लावले: वाइल इश बिन म्यूडे. लाल. पुन्हा लावले, पुन्हा तसेच, पुन्हा लाल. खाली इंग्रजीत सूचना आली की गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. तिनं मान वर करून विचारलं, "मॅडम, यांचं क्रियापद मध्येच शेवटी का पळतं हो?"

मी म्हटलं, "इंग्रजी सोड. मराठीत सांग."

"कारण मी दमलेली आहे."

मी फळ्यावर वरच्या ओळीत तिचं मराठी वाक्य लिहिलं आणि प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली जर्मन शब्द. 'कारण'खाली वाइल. 'मी'खाली इश. 'दमलेली'खाली म्यूडे. 'आहे'खाली बिन. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. तिनं दोन्ही ओळी बघितल्या आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्यासारखंच आहे."

या मुलीची चूक जर्मनची नव्हतीच, ती इंग्रजीची होती. मनातलं मराठी वाक्य, जे जर्मन वाक्यरचनेच्या शेजारीच उभं होतं, ते तिनं तुमच्या सांगण्यावरून आधी इंग्रजीत नेलं, तिथं क्रियापद उचलून मध्ये ठेवलं, मग जर्मनमध्ये आणताना ते पुन्हा शेवटी न्यायला विसरली. कोथरूडहून डेक्कनला जायला तुम्ही तिला हडपसरमार्गे पाठवलंत आणि वर उशीर झाला म्हणून चुकांसाठी दिलेल्या बदामांतला एक कापलात.

हे एक वाक्य अपवाद म्हणून सापडलेलं नाही. 'मी जर्मन बोलू शकते' हे घ्या. नुसतं असेल तर जर्मनमध्ये क्रम वेगळा होतो. पण 'तिला माहीत आहे की मी जर्मन बोलू शकते' म्हटलं, की 'की'पासून पुढं सरळ आपलाच क्रम: डास इश डॉइच श्प्रेशन कान. की, मी, जर्मन, बोलू, शकते. आमच्या वर्गात याचं एक सूत्रच झालं आहे: डास आला की क्रियापद शेवटी पळतं. कुणी रचलं देव जाणे, मी येण्याआधीपासून पुण्यात ते चालत असणार. मराठी मुलांना ते एकदा ऐकून आयुष्यभर लक्षात राहतं, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या ॲपमध्ये ते कधीच येऊ शकणार नाही, कारण इंग्रजीत डास चावत नाही. पण क्रमिक पुस्तकांत आणि ॲपमध्येही ही वाक्यं बहुधा ए-टूला, म्हणजे पुष्कळ पुढं येतात. कठीण म्हणून मागं ठेवलेली. कठीण कुणाला? इंग्रजीवाल्याला. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती कितीतरी आधी देते आणि ते ती सहज उचलतात. त्यांना नुसत्या साध्या विधानात दुसऱ्या जागी क्रियापद ठेवायला जास्त त्रास होतो. त्याचा सराव मात्र ॲपमध्ये त्यांना हवा तितका मिळत नाही, कारण इंग्रजीवाल्याला तिथं अडचणच येत नाही.

लिंगाचंही तसंच. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, निर्जीव वस्तूंनासुद्धा लिंग असतं, घाबरू नका, असं तुमचं ॲप सुरुवातीलाच समजावतं. ज्यानं जन्मापासून तो दरवाजा, ती खिडकी, ते घर म्हटलं आहे, त्याला हे ऐकून घाबरायचं तरी कशाला हेच कळत नाही. हा-ही-हे आपल्याकडे, डीझर-डीझे-डीझेस त्यांच्याकडे. विशेषणाचं शेपूट बदलतं हेही नवं नाही. चांगला, चांगली, चांगलं आम्ही रोजच करतो. इंग्रजी बोलणाऱ्याला लिंग ही कल्पनाच शिकवावी लागते. आमची अडचण दुसरीकडेच आहे: आमचं लिंग आधीच पक्कं बसलेलं असतं आणि जर्मन लिंग त्याच्याशी भांडतं. घर दोन्हीकडे नपुंसक, म्हणून कोणी चुकत नाही. पण दरवाजा तिथं स्त्रीलिंगी होतो आणि खिडकी नपुंसक, आणि तिथं चूक ठरलेली. म्हणजे मराठी माणसाला नेमके कोणते शब्द पुन्हा पुन्हा विचारायला हवेत, याची यादी दोन भाषा शेजारी ठेवल्या की आपोआप तयार होते. ही यादी तुमच्या यंत्राला देता आली तर काय बहार येईल!

विभक्तीबद्दल मी लिहीत बसले तर पत्र संपायचं नाही. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला द्वितीया आणि चतुर्थी या निदान ओळखीच्या बायका आहेत. 'मला हे पुस्तक आवडतं' यात आवडणाऱ्या माणसाला 'मी' न म्हणता 'मला' का म्हणायचं, हे त्याला समजावावं लागत नाही. जर्मनमध्ये तिथं 'मिअर' येतो, चतुर्थीच. इंग्रजीतून समजावताना मात्र 'पुस्तक माझ्याप्रत आनंददायक आहे' अशा थाटाची कसरत करावी लागते.

उच्चाराचं एकच सांगते. जर्मनमध्ये दहाला 'त्सेन' म्हणतात, खोलीला 'त्सिमर', रेल्वेला 'त्सूग'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीचा हा त्स जमवायला वेळ लागतो, त्यासाठी तुम्ही खास सराव ठेवला आहे. आमचा 'चांगला' आणि 'चोर' यांतला च तोच आहे. एक ओळ लिहा, 'चोरातला च', आणि तो सगळा सराव मराठी माणसासाठी काढून टाका. वाचलेला वेळ उम्लाउटला, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या स्वरांना द्या, तिथं आमची खरी गाडी अडते.

आणि हे फक्त जर्मनचं नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. जुलै आणि डिसेंबरमधल्या जेएलपीटी परीक्षेच्या आधी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जपानीची बॅच रात्री उशिरापर्यंत चाललेली असते. तिथल्या शिक्षिकेशी माझं बोलणं होतं. 'वाताशी वा पुणे नी इकिमासु' म्हणजे मी, पुण्याला, जाते. 'ला'च्या जागी 'नी', तोही शब्दाच्या मागंच चिकटलेला, क्रियापद शेवटी. आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती त्यांच्या वर्णमालेची. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या कानाला ओळखीचा वाटतो, त्यालाही कारण आहे: बौद्ध भिक्षूंनी संस्कृत लिहायच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासाबरोबर भारतीय वर्णक्रम जपानला नेला, त्याची छाप त्यावर आहे. ना आणि मा यांच्या मध्ये आपल्याला प-वर्ग अपेक्षित असतो आणि तिथं हा येतो, कारण फार पूर्वी त्या अक्षराचा उच्चार पच्या जवळचा होता. मराठी मुलाला हे एकदा सांगितलं की तक्त्यातल्या ओळींचा क्रम त्याच्या डोक्यात कायमचा बसतो. ॲपमध्ये तीच अक्षरं चित्रांसकट सुटी सुटी येतात, जणू ती कुठल्याही क्रमानं आली तरी चालतील.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अभ्यासक्रमाच्या किंवा भाषांतराच्या विभागाकडे पाठवा, मी डिझाइनचा माणूस. इथंच माझं खरं भांडण आहे. धडे कोणत्या क्रमानं येणार, चुकल्यावर लाल रंगाखाली काय दिसणार, सूचना किती शब्दांची असणार, सराव कशाचा वाढवायचा आणि कशाचा गाळायचा, हे ठरवणं म्हणजेच शिकवण्याचं डिझाइन. बटणांचे रंग त्यानंतर येतात. भाषांतर विभागाकडे दिलं तर ते काय करतील हेही मला दिसतं: इंग्रजी माणसासाठी बांधलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा मराठीत उतरवतील. 'जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, घाबरू नका' हे वाक्य मराठीत येईल आणि आणखीच विनोदी दिसेल. एप्रिल २०२५ मध्ये ड्युओलिंगोनं एआयच्या मदतीनं एकदम १४८ नवे अभ्यासक्रम जाहीर केले. एक मूळ अभ्यासक्रम करायचा आणि तो अनेक भाषांसाठी फिरवायचा, अशी ती पद्धत. तुमच्यावरही तसाच वेग दाखवायचा दबाव येणार. वेगाला माझी हरकत नाही. पण तो मूळ अभ्यासक्रम इंग्रजीवाल्याच्या अडचणींवर उभा असेल, तर १४८ काय नि हजार काय.

'मराठी शिकवा' असं म्हणणारी पत्रंही तुम्हाला येतील, हिंजवडीत नोकरीला आलेल्या मंडळींची तर खासच. रास्त मागणी आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जाही दिला. पण अभिजात दर्जानं माझ्या नर्स मुलीचा व्हिसा होत नाही. माझं मागणं मराठीतून शिकवण्याचं आहे, आणि त्यात अभिमानाचा भाग कमी, वेळेच्या बचतीचा जास्त आहे.

मराठीत आलात, तर तुमच्या हातातल्या दोन-तीन गोष्टी लगेच अंगावर येतील, त्या आधीच सांगून ठेवते. पहिली, संबोधन. इंग्रजीत एका शब्दात सगळ्यांना निपटता येतं. इथं माझ्या बॅचला एक निवृत्त बँक मॅनेजर येतात, मुलगी आणि नातू तिकडे आहेत म्हणून. त्यांना रात्री साडेनऊला फोनवर 'तू आज अभ्यास केला नाहीस!' असं आलं, तर ते ॲप काढून टाकतील आणि मलाही चार शब्द ऐकवतील. पुणेकरांना पाट्यांवर अपमान वाचायची सवय आहे, पण तोसुद्धा बहुतेक वेळा आदरार्थी असतो. तर आठवीतल्या पोराला 'तुम्ही आज अभ्यास केला नाहीत' म्हटलं तर त्याला टोमणा वाटेल. सुरुवातीलाच विचारा: तू म्हणू की तुम्ही? आणि 'तू'चा पर्याय ठेवलात तर 'शाब्बास, धड्याच्या शेवटी पोहोचलास' की 'पोहोचलीस'चा घोळ न घालता, 'शाब्बास, धडा पूर्ण झाला' अशी वाक्यं रचा. कुणाला लिंग विचारायलाही नको आणि एखाद्या बाईला 'तू जिंकलास' म्हणायलाही नको. हे काम भाषांतर हातात आल्यावर करता येत नाही, वाक्याचा आराखडा आखतानाच करावं लागतं.

दुसरी, अक्षरं. मराठीतले ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही मराठी वळणच धरलेलं आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलं नाही तर पडद्यावर हिंदी वळण उमटतं. वाचता येतं, पण परकं वाटतं. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजी मापानं ठेवू नका. वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, असे शब्द आमच्याकडे पावलोपावली येतात आणि बटणाच्या चौकटीत त्यांची डोकी उडतात. 'अक्षरं मोठी करतील का' असं ग्रुपवर विचारणारी हीच अडचण सांगत होती.

बोलण्याच्या सरावाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण परीक्षेत माझी मुलं तिथंच गडबडतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेत बोलण्याचा भाग एकट्यानं नसतो, गटात असतो. टेबलावर कार्डं पालथी ठेवलेली असतात. एक उचलायचं, त्यावर समजा 'रविवार' असा शब्द आहे, विषय 'खाणंपिणं' आहे, तर शेजारच्याला त्यावर प्रश्न विचारायचा: रविवारी तू काय खातोस? त्यानं उत्तर द्यायचं आणि मग त्यानं कार्ड उचलायचं. शंभरपैकी साठ गुणांना पास, पण ही कार्डं बघून भल्याभल्यांच्या हाताला घाम सुटतो. कारण ॲपवर त्यांनी हजारो वाक्यं ऐकलेली असतात, पण प्रश्न एकही विचारलेला नसतो. समोर ठोकळे मांडलेले असले की वाक्य लागतं. कोरा कागद समोर आला की पहिला शब्द सुचत नाही. लेखनातही तेच, तीसेक शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा असतो, आणि ठोकळ्यांवर वाढलेली मुलं पेन हातात धरून खिडकीबाहेर बघत बसतात.

मला एक साधी सोय हवी आहे. फोन टेबलावर आडवा ठेवायचा, दोन माणसं समोरासमोर. पडद्याचा अर्धा भाग माझ्याकडे तोंड करून, उरलेला अर्धा उलटा, समोरच्याकडे तोंड करून. त्याला एक कार्ड दिसेल, मला दुसरं. त्यानं विचारायचं, मी सांगायचं. उत्तर बरोबर की चूक हे यंत्रानं ठरवायचीही गरज नाही, दोघं आपसांत ठरवतील आणि भांडतील; त्या भांडणात निम्मी जर्मन येते. आमच्याकडे अभ्यास एकट्यानं गादीवर पडून होतोच असं नाही. बसमध्ये मैत्रिणी एका फोनवर डोकी घालून धडा सोडवतात. आजी नातीकडून शब्द शिकून घेते, आणि गुण नातीच्या नावावर पडतात. तुमच्या ॲपला यातलं काही दिसत नाही. एका फोनवर एकच माणूस, असं तुम्ही धरून चालला आहात.

सलग दिवसांच्या साखळीबद्दल न लिहिता राहवत नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत, अलका चौकात, कमरेला ढोल बांधलेला माझा एक विद्यार्थी रात्री बाराच्या आत धडा पुरा करत उभा होता. कुठला धडा? सगळ्यात पहिला, सगळ्यात सोपा. 'ब्रेड' आणि 'पाणी'. साखळी वाचली. तुमच्याकडे त्या दिवशी एक आनंदी वापरकर्ता नोंदला गेला असेल. गणपतीचे दहा दिवस, घरात लग्न, नर्सच्या सलग रात्रपाळ्या, यांसाठी माणसाला आधीच सुट्टी मांडून ठेवता आली पाहिजे, आणि सोपा धडा पुन्हा करून साखळी टिकवता येऊ नये. एवढंच. साखळी मोडली की रडणारं चित्र दाखवण्याबद्दल मी काही बोलत नाही, पोरांना ते आवडतं म्हणे.

आता मागणं. सगळ्या भाषा एकदम नकोत. मराठीतून जर्मन, फक्त ए-वन, एवढा एक अभ्यासक्रम पहिल्यापासून नव्यानं बांधा, इंग्रजीचा आधार न घेता. दोन्ही भाषा येणारे शिक्षक पुण्यात शोधावे लागत नाहीत, एखाद्या संध्याकाळी कर्वे रस्त्यावर उभं राहिलात तरी चार भेटतील. त्यांना भाषांतरासाठी बोलावू नका, क्रम ठरवताना पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा आणि त्याचे नीट पैसे द्या. मग एक बॅच इंग्रजीतून आणि एक मराठीतून शिकू दे, आणि कार्डं उचलायची वेळ आली की कोण बोलतं ते बघा. माझी बॅच त्यासाठी तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे. फुकटात करू, पण चुका दाखवू, आणि त्या दाखवताना भिडभाड ठेवणार नाही, हे आधीच सांगते.

ए-वनचा वर्ग सोमवार ते गुरुवार संध्याकाळी साडेसहाला असतो. तुम्ही किंवा तुमच्याकडचं कोणीही येऊन शेवटच्या बाकावर बसू शकतं, कळवायची गरज नाही. मात्र गाडी घेऊन येऊ नका. आमच्या गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग आहे आणि टोइंगवाले आमच्यापेक्षा वक्तशीर आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जर्मनची एक शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०